‘एकच खेळ धर’ असं तिला कोणी म्हटलं नाही

ऑगस्ट १९८४. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनचं, म्हणजे धावणं, उड्या आणि फेकी मिळून सात प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस ननने ६,३९० गुणांवर जिंकलं. अमेरिकेची जॅकी जॉयनर ६,३८५ गुणांवर दुसरी आली. दोन दिवस, सात प्रकार आणि फरक पाच गुणांचा. शेवटची ८०० मीटरची शर्यत तिने साधारण एक तृतीयांश सेकंद आधी संपवली असती, तर सुवर्ण तिचं होतं. याच स्पर्धेत चार दिवसांनी आपल्या पी. टी. उषाचं कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, त्यामुळे ही हळहळ आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बावीस वर्षांची मुलगी, मांडीचा स्नायू दुखावलेला, हातातोंडाशी आलेलं सुवर्ण गेलेलं. अशा मुलीला घरचे, दारचे, प्रशिक्षक, पत्रकार सगळे काय सांगतील? बाकीचं सोड आता. चार वर्षं फक्त हेच कर.

जॅकी त्या हिवाळ्यात बास्केटबॉल खेळली.

ऑलिंपिकचं रौप्य घेऊन ती यूसीएलए या आपल्या विद्यापीठात परतली आणि १९८४-८५ चा बास्केटबॉल हंगाम फॉरवर्ड म्हणून खेळली. त्या वर्षी अमेरिकेतली सर्वोत्तम महिला महाविद्यालयीन खेळाडू म्हणून ब्रॉडरिक कप तिला मिळाला. जुलै १९८६ मध्ये मॉस्कोच्या गुडविल गेम्समध्ये तिने ७,१४८ गुण केले आणि हेप्टॅथलॉनमध्ये सात हजारांचा टप्पा ओलांडणारी ती जगातली पहिली खेळाडू ठरली. १९८८ मध्ये सोलला ७,२९१. हा विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. स्वीडनच्या कॅरोलिना क्लुफ्टने २००७ मध्ये आणि अमेरिकेच्याच ॲना हॉलने २०२५ मध्ये ७,०३२ पर्यंत मजल मारली. म्हणजे अजूनही २५९ गुणांचं अंतर आहे.

जॅकीच्या प्रतिभेबद्दल कोणाचंच दुमत नाही. मला बोलायचंय ते तिच्या भोवतीच्या माणसांबद्दल आणि नियमांबद्दल. अठराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत दोन खेळांतला एक निवड, अशी सक्ती तिच्यावर झाली नाही. आज अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात उघड पैसा आलाय, मुलींच्याही वाट्याला त्यातला थोडा येतोय, आणि नेमकी ही मोकळीक आक्रसत चाललीय. विद्यापीठं तिला चैन समजतात. माझ्या मते मुलीला दुसरा खेळ खेळू देणं हे विद्यापीठ तिचं देणं लागतं, आणि ते देणं करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

जॅकीचा जन्म ३ मार्च १९६२ चा, इलिनॉय राज्यातल्या ईस्ट सेंट लुइस गावातला. मिसिसिपी नदीच्या एका काठावर सेंट लुइस हे मोठं शहर आणि दुसऱ्या काठावर कारखाने बंद पडत चाललेलं, गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचं हे गाव. आईवडिलांचं लग्न शाळकरी वयातच झालेलं. आई नर्सच्या हाताखाली मदतनीस, वडील मिळेल ते अंगमेहनतीचं काम करणारे. घरासमोर मेरी ब्राउन यांच्या नावाचं एक सार्वजनिक केंद्र होतं. तिथे पोरं नाचायला, पोहायला, पळायला जायची. जॅकी आधी नाचायला गेली आणि मग पळायला लागली. लांब उडीचं वेड लागल्यावर तिने आणि बहिणींनी बागेतली वाळू वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांतून वाहून आणली आणि दारासमोर उडीचा खड्डा केला. ओट्यावरून त्यात उड्या मारायच्या. लिंकन हायस्कूलमध्ये ती व्हॉलीबॉल खेळली, बास्केटबॉल खेळली आणि मैदानी स्पर्धांतही उतरली. चौदाव्या वर्षापासून सलग चार वर्षं तिने पेंटॅथलॉनचं (पाच प्रकारांच्या स्पर्धेचं) राष्ट्रीय कनिष्ठ विजेतेपद जिंकलं. १९७५ मध्ये बेब डिड्रिकसन या जुन्या खेळाडूच्या आयुष्यावरचा एक टीव्हीपट तिने पाहिला होता. बेबने १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळा शर्यतीत सुवर्ण मिळवलं, उंच उडीत रौप्य मिळवलं, बास्केटबॉल गाजवला आणि पुढे गोल्फमध्ये ती अव्वल ठरली. ईस्ट सेंट लुइसच्या त्या मुलीसमोर आदर्श म्हणून उभी राहिली ती अशी अनेक खेळांची बाई.

पण आदर्श असून भागत नाही. शाळेत मुलींचा संघ असावा लागतो, प्रशिक्षक असावा लागतो, विद्यापीठात शिष्यवृत्ती असावी लागते. जॅकी दहा वर्षांची असताना, जून १९७२ मध्ये, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचं कलम कायद्यात आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करायची बंदी झाली. कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता, पण सगळ्यात मोठी उलथापालथ खेळाच्या मैदानांवर झाली. १९७१-७२ मध्ये अमेरिकेच्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार. २०१८-१९ मध्ये तो आकडा ३४ लाखांच्या आसपास होता. जॅकी त्या लाटेच्या पहिल्या पिढीतली. १९८० मध्ये यूसीएलएने तिला पूर्ण शिष्यवृत्ती दिली, तीही बास्केटबॉलसाठी.

पहिल्याच वर्षी आई गेली. मेंदूच्या आवरणाचा ताप, वय चाळिशीच्याही आत. त्याच काळात जॅकीला दमा असल्याचं निदान झालं, आणि खेळ बंद होईल या भीतीने ती बराच काळ तो लपवत राहिली. हे सांगतोय ते सहानुभूतीसाठी नव्हे. एकोणीस वर्षांची, घरापासून तीन हजार किलोमीटरवर असलेली, आई गमावलेली, श्वास पुरत नसलेली मुलगी दोन खेळ एकदम पेलू शकते का, असं कोणी कागदावर विचारलं असतं तर उत्तर ‘नाही’ असंच आलं असतं. सुदैवाने कागदावर कोणी विचारलं नाही. मैदानी खेळांचा तरुण सहायक प्रशिक्षक बॉब कर्सी तिच्या लक्षात राहिला तो आधी माणूस म्हणून. त्याचीही आई लवकर गेली होती. तिचा सराव तोवर मुख्यतः लांब उडीपुरता होता. ही मुलगी सातही प्रकारांची आहे, हे कर्सीने ओळखलं आणि तिचं प्रशिक्षण आपल्याकडे द्यावं म्हणून विद्यापीठाकडे हट्ट धरला. १९८६ मध्ये दोघांनी लग्न केलं, ही पुढची गोष्ट.

बास्केटबॉलची प्रशिक्षक होती बिली मूर. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला रौप्य मिळवून देणारी, देशातल्या मोठ्या प्रशिक्षकांपैकी एक. जिचा वसंत ऋतू दुसऱ्याच मैदानाचा आहे अशी मुलगी तिच्या संघात नियमित खेळत होती. मार्चमध्ये बास्केटबॉल संपायचा आणि जॅकी धावपट्टीवर जायची. १९८२ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने, महिलांची पहिली मैदानी स्पर्धा भरवली. जॅकीने हेप्टॅथलॉन जिंकलं, यूसीएलएने सांघिक विजेतेपद जिंकलं. १९८३ मध्ये दोन्ही पुन्हा. ऑलिंपिकच्या तयारीसाठी १९८३-८४ चं वर्ष तिने ‘रेडशर्ट’ म्हणून घेतलं, म्हणजे शिष्यवृत्ती आणि खेळायचा हक्क शाबूत ठेवून त्या वर्षी विद्यापीठाच्या सामन्यांतून बाहेर राहिली. आणि ऑलिंपिक झाल्यावर पाचव्या वर्षी बास्केटबॉल पूर्ण केला. तिच्या विद्यापीठीय बास्केटबॉलची बेरीज १,१६७ गुण आहे. हेप्टॅथलॉन बाजूला ठेवलं तरी ही एका चांगल्या खेळाडूची कारकीर्द ठरते. लोक तिला ‘धावपटू, जी थोडा बास्केटबॉलही खेळायची’ असं म्हणतात ते चूक आहे.

त्या दुसऱ्या खेळाने पहिल्याला काय दिलं? प्रयोगशाळेत मोजून सांगता येणार नाही, पण खेळ जवळून पाहणाऱ्याला काही गोष्टी दिसतात. लांब उडीत पळत येऊन ठरलेल्या पायावर ठरलेल्या फळीवरून झेप घ्यायची असते. बास्केटबॉलमध्ये कुठल्या पायावरून, कुठल्या कोनातून, कोणाचा कोपर बरगडीत घुसत असताना उडी मारावी लागेल हे आधी माहीत नसतं. शरीर ओढवलेल्या परिस्थितीला उत्तर द्यायला शिकतं. हेप्टॅथलॉनमध्ये एक प्रकार बिघडला की अर्ध्या तासात दुसऱ्याला उभं राहावं लागतं; हुकलेला बास्केट विसरून लगेच बचावाला पळायची सवय तिथे कामाला येते. आणि संघ असतो. दोन दिवसांच्या हेप्टॅथलॉनमध्ये बाई एकटी असते. (लॉस एंजेलिसला शेवटच्या ८०० मीटरला तिचा भाऊ अल, ज्याने त्याच दिवशी तिहेरी उडीचं सुवर्ण जिंकलं, आतल्या बाजूने तिच्यासोबत ओरडत पळत होता. ती एकटी नव्हती ती तेवढीच.) बास्केटबॉलने तिला पाच हिवाळ्यांतले चार हिवाळे संघात ठेवलं. ज्या मुलीचं घर नुकतंच कोसळलंय तिच्यासाठी ही गोष्ट उडीच्या कोनापेक्षा कमी महत्त्वाची आहे असं मला वाटत नाही.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. विद्यापीठाने तिला निवड करायला लावली नाही. बाजाराने लावली. १९८५ मध्ये जॅकीचं शिक्षण संपलं तेव्हा अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीगच नव्हती. १९७८ मध्ये एक सुरू झाली होती, ती १९८१ मध्ये बंद पडली. डब्ल्यूएनबीए या आजच्या महिला व्यावसायिक लीगचा पहिला सामना व्हायला १९९७ उजाडलं. बास्केटबॉल खेळून पोट भरायचं तर परदेशात जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. मग ‘जॅकीने मैदानी खेळ निवडले’ असं आपण म्हणतो त्याला काय अर्थ उरतो? दोन दारांपैकी एक भिंतीत चिणलेलं होतं.

तिच्याच काळातला एक पुरुष पाहा. बो जॅक्सन ऑबर्न विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल खेळायचा, धावायचाही. १९८५ मध्ये त्याने महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळवला, १९८६ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडून बेसबॉल खेळायला लागला, १९८७ पासून लॉस एंजेलिस रेडर्सकडून फुटबॉलही. दोन्ही लीग त्याला पैसे देत होत्या. नाइकीने त्याच्या दोन खेळांभोवती जाहिरातींची मोहीम उभी केली आणि ती देशभर गाजली. दोन खेळ खेळणारा पुरुष ही दंतकथा झाली. त्याच वर्षांत ७,२९१ गुण करणाऱ्या बाईचा दुसरा खेळ लोकांच्या विस्मरणात गेला, कारण त्याला विकत घेणारं कोणी नव्हतं. बोचं मोठेपण मी कमी करत नाही. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या मैदानात त्याचा खुब्याचा सांधा निकामी झाला, त्याने जबर किंमत मोजली. पण त्याला दोन्ही खेळ खेळायची संधी मिळाली, आणि ती संधी पुरुष असण्याला चिकटलेली होती.

जॅकी बास्केटबॉलकडे परतली ती १९९६ मध्ये, चौतीसाव्या वर्षी. त्या उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे तिने हेप्टॅथलॉन पहिल्याच प्रकारानंतर सोडलं होतं. लांब उडीत ती सहावी होती आणि सहाव्या, शेवटच्या प्रयत्नात सात मीटर उडी मारून कांस्य घेऊन गेली. तिचं सहावं ऑलिंपिक पदक. मग शरद ऋतूत नव्याने सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये रिचमंड रेज संघाकडून थोडा काळ खेळली. ती लीगही दोन वर्षांत बुडाली. चौतीस वर्षांची, अकरा वर्षं या खेळापासून दूर असलेली, शरीर झिजलेली बाई पुन्हा त्या मैदानावर उतरली. दुसरा खेळ तिच्यासाठी छंद होता असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

म्हणून आज मुलींच्या खेळात पैसा येतोय याचा मला मनापासून आनंद आहे. जुलै २०२१ पासून अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा हिस्सा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातोय, ही त्यातली जुनीच अन्यायाची रेघ. तरी महिला बास्केटबॉलपटूला वीस वर्षांची असताना कमाई होणं ही जॅकीच्या पिढीला स्वप्नातही न दिसलेली गोष्ट आहे, आणि ती व्हायलाच हवी होती.

पण पैसा आला की हिशेब आला. ज्या मुलीवर विद्यापीठाने रक्कम गुंतवली तिने एप्रिलमध्ये उंच उडी मारताना घोटा मुरगळला तर? ज्या प्रशिक्षकाची नोकरी यंदाच्या निकालावर आहे, त्याने तिला वसंतात दुसऱ्याच्या ताब्यात का द्यावं? खेळाडूंना आता एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं सोपं झालंय, त्यामुळे तिच्यावरची पकडही सैल झालीय आणि प्रशिक्षकाची अस्वस्थता वाढलीय. कोणी तिला तोंडावर ‘दुसरा खेळ सोड’ म्हणत नाही. उन्हाळी शिबिर ‘ऐच्छिक’ असतं, वजनं उचलायचं वेळापत्रक ‘सुचवलेलं’ असतं, आणि त्या ऐच्छिक गोष्टीला जी येत नाही तिची पुढच्या हंगामात बाकावर रवानगी होते. एनसीएएचा नियम हंगामात आठवड्याला वीस तास सरावाची मर्यादा घालतो, हंगामाबाहेर आठ तासांची. दोन खेळांच्या मुलीला हंगामाबाहेरचा काळच नसतो. नियम खेळ धरून लिहिलेत, मुलगी धरून लिहिलेले नाहीत.

यात एक गोष्ट मला फार खटकते. टायटल नाइनच्या पूर्ततेसाठी विद्यापीठं मुलींची संख्या दाखवतात तेव्हा मोजणी खेळानुसार होते. क्रॉसकंट्री, बंदिस्त धावपट्टी आणि खुली धावपट्टी या तिन्ही संघांत नाव असलेली लांब पल्ल्याची एकच धावपटू तीन खेळाडू म्हणून मोजली जाते. म्हणजे कागदावर एका मुलीच्या तीन मुली करायला व्यवस्था तयार आहे. पण तीच मुलगी म्हणाली की मला खरोखरचे दोन वेगळे खेळ खेळायचेत, तर तिच्यासाठी वेळापत्रक हलवायला कोणी तयार नसतं. आकड्यापुरतं बहुखेळाडूपण हवं, माणसापुरतं नको. ज्या कलमाने जॅकीला मैदान दिलं, त्याच्याशी ही बेइमानी आहे.

आणि विद्यापीठात पोहोचेपर्यंत बहुतेक मुलींचा दुसरा खेळ सुटलेलाच असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हे चित्र नवं नाही. मुलगी दहा-अकराची झाली की क्लबचा प्रशिक्षक विचारतो, बारमाही खेळणार का? शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात स्पर्धा, फी हजारो डॉलर, आणि मनात आशा की पुढे शिष्यवृत्ती मिळेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की एकाच खेळात गुंतणं शक्यतो पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावं. त्याने एकाच अवयवावर सतत ताण पडून होणाऱ्या दुखापती आणि खेळाचा वीट येणं दोन्ही टळतात. मुलींच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसतं. अकरा ते पंधरा या वर्षांत त्यांचं शरीर झपाट्याने बदलतं. उंची किती होईल, वजन कुठे बसेल, कुठल्या हालचालीत ताकद येईल हे बाराव्या वर्षी ना तिला माहीत असतं ना प्रशिक्षकाला. ज्या शरीराची अजून ओळखच झाली नाही त्याच्या वतीने निवड करायची?

ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी माहीत आहे. २०२४ मध्ये बेंगळुरूच्या संघाने डब्ल्यूपीएल जिंकली तेव्हा सर्वाधिक धावा तिच्या होत्या. ती देशाच्या क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही संघांत २००७ मध्ये, सोळाव्या वर्षी आली. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनविरुद्ध तिने मारलेला गोल आजही दाखवला जातो. पुढच्याच वर्षी कॅनबेराच्या फुटबॉल क्लबने तिला फुटबॉलला प्राधान्य द्यायला सांगितलं. ती दोन्ही खेळू देणाऱ्या सिडनीच्या क्लबकडे गेली. तिथेही काही वर्षांनी फुटबॉल सुटलाच. जगातल्या इतक्या मोठ्या खेळाडूलाही आधी क्लब शोधावा लागला, जो तिला दोन्ही करू देईल.

मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज शाळकरी वयात महाराष्ट्राच्या वयोगट संघाकडून हॉकी खेळली आणि मुंबईकडून क्रिकेट. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या, तेव्हा तिचे कोन साधून मोकळ्या जागेत सरकवलेले फटके बघताना हॉकीची काठी आठवलेले प्रेक्षक अनेक असतील. तिच्या घरात खेळ समजणारे वडील होते, प्रशिक्षकही तेच. ज्या घरात तसं कोणी नाही, तिथे महाराष्ट्रातली व्यवस्था मुलीला काय सुचवते? दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, हे सगळं प्रमाणपत्राच्या पातळीवर ठरतं. या सवलती हव्यातच, गरीब घरच्या मुलींना त्यांनी आधार दिलाय. पण त्यांमुळे जिल्ह्यात जी मुलगी कबड्डीत आणि भालाफेकीत दोन्हीकडे चमकते, तिला आठवीतच सांगितलं जातं की ज्यात राज्यपातळी लवकर गाठशील तेवढंच धर.

माझ्या म्हणण्याला आक्षेप आहेत आणि त्यांतला एक खरोखर वजनदार आहे: दुखापत. बास्केटबॉलमध्ये गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध (एसीएल) तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, हे वैद्यकशास्त्राने वारंवार दाखवलंय. त्यावर उड्या आणि अडथळ्यांचा भार टाकायचा म्हणजे जोखीम वाढणारच, असं कोणी म्हटलं तर मी ते झटकून टाकणार नाही. पण जॅकीचीच उदाहरणं पाहा. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेतून तिला स्नायू दुखावल्यामुळे माघार घ्यावी लागली. त्या वर्षी ती बास्केटबॉल खेळली होती. १९८४ मध्ये पुन्हा तोच स्नायू. त्या वर्षी तिने बास्केटबॉल सोडून फक्त हेप्टॅथलॉन केलं होतं. यातून कुठल्याच बाजूचा पुरावा निघत नाही. निघतो तो एवढाच मुद्दा, की एकूण भार किती, विश्रांती किती आणि त्यावर नजर कोणाची, हे प्रश्न खेळांच्या संख्येइतकेच मोठे आहेत. दोन प्रशिक्षक एकमेकांशी न बोलता तिला राबवत असतील तर दोन खेळ घातक आहेत. बारा महिने एकच हालचाल करवणारा एक प्रशिक्षकही तितकाच घातक आहे.

दुसरा आक्षेप संघातल्या बाकीच्या मुलींचा: ही अर्धं वर्ष दुसरीकडे, आणि जागा मात्र हिची. हा राग समजण्यासारखा आहे. त्यावर उत्तर एकच, जागा सरावाच्या हजेरीवर न देता खेळावर द्यावी. जी मुलगी मेहनतीत कमी पडते तिला बसवा. जी नाही पडत तिला दुसरा खेळ खेळते म्हणून बसवू नका.

मग करायचं काय? प्रवेशाच्या वेळी मुलीने दोन खेळांची इच्छा नोंदवली असेल तर ती शिष्यवृत्तीच्या करारात यावी, आणि त्यातला कुठलाही एक खेळ चालू असेपर्यंत शिष्यवृत्ती तुटू नये. सरावाच्या वीस तासांची मर्यादा दोन्ही खेळ मिळून एका मुलीसाठी मोजावी आणि दोन हंगामांच्या मध्ये काही आठवडे सक्तीची विश्रांती असावी. ‘ऐच्छिक’ सरावाला न आल्याबद्दल तिला बाकावर बसवलं तर दाद मागायला प्रशिक्षकाच्या वरची, संघाशी संबंध नसलेली व्यक्ती असावी. समानतेसाठी मुली मोजताना माणसं मोजावीत, नावाच्या नोंदी नव्हेत. जॅकीसारखं रेडशर्टचं वर्ष दोन खेळांच्या मुलीला मागताक्षणी मिळावं. पाच वर्षांत चार हंगाम खेळायची सोय नियमांत आहे, ती वापरायला प्रशिक्षकाची मेहरबानी लागू नये. यांपैकी बहुतेक गोष्टींना विद्यापीठाच्या नव्या कोट्यवधींतला एक टक्काही लागत नाही. ऑगस्टमध्ये दोन प्रशिक्षक, संघाचा डॉक्टर आणि ती मुलगी यांनी एका टेबलाशी बसून वर्षाचं एकच वेळापत्रक करायचं, याला तर एका दुपारीपलीकडे काहीच खर्च नाही.